पुण्याच्या पूर्वेला मुरमाच्या वाटांवर सायकल: ग्रॅव्हलची पहिली फेरी आखताना

डांबरी रस्त्यावर साठ-सत्तर किलोमीटर आरामात काढणारे पुष्कळ जण पहिल्या ग्रॅव्हल फेरीत (म्हणजे कच्च्या वाटांवरच्या फेरीत) विसाव्या किलोमीटरलाच रडकुंडीला येतात. दमसास असतो, सायकलही चांगली असते. गडबड झालेली असते ती घरी नकाशा बघताना. नकाशावर सगळे कच्चे रस्ते एकाच तुटक रेषेने दाखवलेले असतात. प्रत्यक्षात एक मुरमाचा निघतो, दुसरा काळ्या मातीचा, तिसऱ्यावर नुसती खडी ओतून ठेवलेली असते आणि चौथा उसाच्या फडात जाऊन संपतो.

हा लेख पुण्याच्या पूर्व आणि आग्नेय बाजूसाठी आहे, म्हणजे पुरंदर तालुका आणि त्याला लागून असलेला दौंडचा पट्टा. पश्चिमेला मुळशी, पानशेतकडे निसर्ग जास्त देखणा आहे यात वाद नाही, पण नवख्याने तिकडून सुरुवात करू नये. घाटाचा पाऊस तिथली कच्ची वाट चार महिने चिखलात ठेवतो आणि उपग्रहचित्रात रस्ता वाटणारी रेषा बऱ्याचदा भातखाचराचा बांध निघते. पूर्वेचा भाग पर्जन्यछायेतला. माती उथळ, माळ मोकळे, आणि वाट चुकली तरी दोन-तीन किलोमीटरवर एखादी वाडी सापडतेच.

१. आधी माती ओळखा

कुठल्या वाटेने जायचं हे अंतर आणि चढ यांच्याआधी मातीवर ठरवा.

मुरूम: खडक झिजून झालेला पिवळट-तांबूस थर. पाणी झिरपून जातं, त्यामुळे पाऊस थांबून एक ऊन मिळालं की चालवण्याजोगा होतो. एक पावसाळा खाल्लेला, ट्रॅक्टरने दाबलेला मुरूम ही या भागातली सगळ्यात सुखाची वाट. जेसीबीने नुकताच पसरलेला मुरूम मात्र फसवा असतो. वरून सपाट दिसतो आणि पुढचं चाक दोन इंच आत जातं.

काळी माती: ओढ्याकाठी, कालव्याखालच्या बागायतीत आणि सखल भागात. कोरडी असताना उत्तम, ओली झाली की सायकल जागच्या जागी थांबते. ती टायरला चिकटते, फिरत फिरत वर जाते, फ्रेम आणि चाकामधली फट भरते आणि चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की चिखलात अडकलेला मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) मागे ओढला जाऊन हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, तुटतो. घरापासून चाळीस किलोमीटरवर हँगर तुटला की फेरी तिथेच संपली. चाक अडल्यासारखं वाटलं की पाय लगेच थांबवा, उतरा, काडीने माती काढा आणि सायकल खांद्यावर घ्या. ढकलत नेलीत तर आणखी भरते.

खडी: खडीकरणाच्या कामासाठी पसरलेली, रोलरची वाट बघणारी. काम रखडलं की ही खडी महिनोन्महिने तशीच पडून असते, आणि काम रखडतंच. दोनशे मीटर असेल तर चालत जा. दोन किलोमीटर असेल तर मार्ग बदला.

फुफाटा: उसाच्या आणि मुरमाच्या गाड्यांनी दळलेली पिठासारखी धूळ. खाली दडलेला दगड दिसत नाही. शक्य तितकं चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून चालवा.

ओल्या वाटेवर उतरायचं की नाही हे ठरवायला दहा पावलं चालून बघा. बूट जड झाले तर मागे फिरा. पुढे माती सुधारेल या आशेवर अर्धा किलोमीटर आत जाणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे, कारण तोच अर्धा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन परत यावं लागतं.

२. हंगाम आणि वेळ

दिवाळीच्या सुमारापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मुरूम बसलेला असतो, ओढ्यांचं पाणी ओसरलेलं असतं. मार्चपासून फुफाटा वाढतो आणि उन्हाचा खरा त्रास सुरू होतो. माळावर सावली नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहाच्या आत गाडीपाशी पोहोचता येईल एवढाच मार्ग घ्या. पावसाळ्यातही जाता येतं, फक्त मुरमाला एक कोरडा दिवस आणि काळ्या मातीला किमान तीन द्या.

वाऱ्याचा हिशोब बहुतेक जण विसरतात. पुण्याहून पूर्वेला जाताना जमीन हलकेच उतरत जाते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर व पावसाळ्यात जवळपास दिवसभर वारा पश्चिमेकडून येतो. जाताना चोवीसचा वेग मिळाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. परतीला तोच रस्ता चढाचा आणि तोंडावरच्या वाऱ्याचा होतो. पाणी आणि खाणं परतीच्या हिशोबाने ठेवा.

टाळायचे दिवस: आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा अशी जाते आणि तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंडकडून. त्या आठवड्यात या दोन्ही रस्त्यांवर सायकल काढू नका. सोमवती अमावस्येला जेजुरीचा परिसर आणि श्रावणी सोमवारी भुलेश्वरचं मंदिर, हेही वगळा.

३. सायकल: काय हवं, काय चालेल

ग्रॅव्हल सायकलच हवी असं नाही. ३८ मिमी किंवा त्याहून रुंद टायर बसणारी हायब्रिड चालते, एमटीबी तर चालतेच. २८ मिमीच्या टायरवर रोड बाइक मात्र आणू नका.

टायर: ७०० × ४० ते ४५ (दुसरा आकडा रुंदीचा, मिमीमध्ये), मध्ये बारीक नक्षी आणि कडेला ठळक गुट्टे असलेला. फ्रेममध्ये चाकाच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी फट राहायला हवी, नाहीतर थोड्या चिखलानेही चाक घासायला लागतं.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर): या भागात ही चैन नाही, गरज आहे. पावसाळा संपला की वाटेच्या कडेला सराटे वाळतात आणि शेताची वाट अडवायला टाकलेल्या बाभळीच्या, बोराटीच्या फांद्यांचे काटे सगळीकडे पसरतात. ट्यूब असेल तर एका सकाळी तीन-चार पंक्चर सहज होतात. ७०० × ४० टायरमध्ये ६० ते ८० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. पुण्याच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे दुकानात ‘सहा महिने चालतं’ असं सांगितलं तरी चाक कानाजवळ धरून हलवून बघा. आत द्रव हलल्याचा आवाज आला नाही तर भरा.

हवा: नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. ६५-७० किलोच्या माणसाने ४० मिमी ट्यूबलेसमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच-सहा जास्त. वजन दर पाच किलोला साधारण एक पीएसआय वाढवा. हात बधिर होत असतील, चाक खडीवरून उडत असेल, तर हवा जास्त आहे. दगडावर रिम टणकन लागत असेल तर कमी आहे. पेट्रोल पंपावरच्या नळीवर विसंबू नका, हवेचा दाब मोजायचा स्वतःचा काटा ठेवा.

गिअर: घाट डांबरी असला तरी माळावरचे छोटे चढ मुरमाचे आणि तीव्र असतात. तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं आणि त्यासाठी हलका गिअर लागतो. पुढे ४० दात आणि मागे ११-४२ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) पुरेशी होते. पुढे दोन चेनरिंग (पेडलपाशी असलेली दातेरी चक्रं) असतील तर ४६/३० आणि मागे ११-३४.

ब्रेक: डिस्क हवेत. निघण्याआधी पॅडची जाडी बघा. ओल्या मुरमाची बारीक रेव पॅड फार लवकर खाते.

४. मार्ग घरी बसून कसा आखायचा

कोमूट किंवा राइड विथ जीपीएससारख्या ॲपवर दोन ठिकाणं टाकून तयार मार्ग घेतला, तर तो तुम्हाला कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन सोडेल. रेषा ॲपला काढू द्या, पण प्रत्येक कच्चा तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून स्वतः बघा.

फिकट पिवळी किंवा पांढरट सलग रेषा म्हणजे मुरूम. गडद करडी म्हणजे डांबर. दोन समांतर बारीक रेषा आणि मधे हिरवं म्हणजे ट्रॅक्टरची चाकोरी: चालते, पण सावकाश. पिकात जाऊन पुसट होणारी रेषा नांगरटीबरोबर गेली असं समजा. ओढ्यावरून जाताना रेषा थोडी रुंद आणि सरळ झाली तर तिथे फरशी पूल आहे. वाकडी होऊन वाळूत हरवली तर पाण्यातून जावं लागेल. गुगल अर्थवर त्याच जागेची मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. डिसेंबरच्या आणि मेच्या चित्रात रेषा सारखीच ठळक असेल तर ती वाट बारमाही वापरातली.

त्यानंतर स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जातात ते दाखवणारा नकाशा. तिथे निळी-तांबडी रेघ असेल तर सायकली जातात. रेघ नसली म्हणून वाट वाईट असं नाही, पण पहिल्या फेरीला तरी ज्यावर रेघ आहे तेच तुकडे घ्या.

गावात वाट विचारताना ‘ग्रॅव्हल रोड’ म्हणून उपयोग नाही. ‘पाणंद रस्ता’, ‘शिवरस्ता’, ‘गाडीवाट’ असं विचारा. ‘मोटारसायकल जाते का?’ हा सगळ्यात उपयोगी प्रश्न. मोटारसायकल जाते तिथे तुम्ही जाता. ‘ट्रॅक्टर जातो’ या उत्तरावर मात्र भरवसा नको, ट्रॅक्टर कुठूनही जातो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगडही माहिती देतो. वरचा भाग पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, केशरी म्हणजे ग्रामीण रस्ता. केशरी दगड दिसला की पुढे बहुतेक डांबर लागणार.

नावांचे सापळे या पट्ट्यात भरपूर आहेत. माळशिरस शोधलंत की ॲप सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाला नेऊ शकतं, तुम्हाला पुरंदरमधलं हवंय. सासवड रोड स्थानक सासवडला नाही, हडपसरजवळ आहे. मिरज मार्गावरचं आळंदी स्थानक म्हातोबाच्या आळंदीचं, माउलींच्या आळंदीचं नव्हे.

दुसऱ्याची जुनी जीपीएक्स फाइल (जीपीएसवरची मार्गाची नोंद) जशीच्या तशी वापरू नका. पुण्याभोवतीच्या रिंग रोडने आणि पालखी मार्गाच्या रुंदीकरणाने बऱ्याच वाटा तुटल्या किंवा वळल्या आहेत. पुरंदर विमानतळासाठी ठरलेली सात गावं (पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी) याच भागात येतात. तिथे जमिनीचा प्रश्न तापलेला राहिला आहे आणि ड्रोनने झालेल्या मोजणीला गावकऱ्यांनी विरोध केला होता. तुमचा हौसेचा ड्रोन तिथे अजिबात उडवू नका. रस्त्यावर थांबून फोटो काढतानाही आपण कोण, कुठून आलो हे आधी सांगितलेलं बरं.

वेळेचा हिशोब: डांबरावर ताशी २० जात असाल तर मुरमावर १३ ते १५ धरा. ५५ किलोमीटरच्या मिश्र मार्गाला थांबे धरून साडेचार-पाच तास लागतात.

५. सुरुवातीचा मार्ग: उरुळी कांचन, वाघापूर, माळशिरस, भुलेश्वर, यवत

हे वर्तुळ साधारण ५५ ते ६० किलोमीटरचं आहे. वाटेत दर काही किलोमीटरवर डांबरी रस्ता गाठता येतो, म्हणून नवख्यांना सोयीचं. पुण्यापासून उरुळी कांचन सुमारे ३० किलोमीटर, सोलापूर महामार्गावर. हडपसर ते उरुळी हा पट्टा सायकलवर करण्यात शहाणपण नाही. सायकल गाडीवर लादून आणा आणि गाडी महामार्गाच्या कडेला न लावता गावात कुणाला विचारून लावा.

उरुळी ते वाघापूर. शिंदवणे गावातून घाट चढतो. डांबरी आहे, फार लांब नाही, पण सकाळी पाय गार असताना लागतो. टायरमधली हवा इथे डांबरासाठी वाढवून वर गेल्यावर कमी करण्याचा उद्योग करू नका, मुरमाचीच हवा ठेवून चढा. घाटाच्या वर पठार लागतं आणि चित्रच बदलतं: सीताफळ-अंजिराच्या बागा, बाजरीची रानं, मोकळे माळ.

वाघापूर ते माळशिरस. फेरीचा गाभा हाच. मुख्य डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत. पहिल्या वेळी सगळा पट्टा कच्च्यावरून करायची हौस आवरा. उपग्रहचित्रावर पाहून सहा ते आठ किलोमीटरचे एक-दोन तुकडे निवडा, ज्यांची दोन्ही टोकं डांबराला मिळतात. मिरजेकडे जाणारी रेल्वे याच भागातून जाते. रूळ फाटक किंवा भुयारी मार्गानेच ओलांडा. सायकल उचलून रुळावरून जाणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि वळणावर गाडी येताना दिसतही नाही.

माळशिरस ते भुलेश्वर. इथे पाणी भरून घ्या. गावांमध्ये आरओ पाण्याची केंद्रं असतात, सुटी नाणी जवळ ठेवा. मंदिर डोंगरावर आहे, दौलतमंगळ किल्ल्याच्या जागेत. वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि शेवटचा चढ तीव्र आहे. मंदिरातलं कोरीवकाम बघायला अर्धा तास हाताशी ठेवा. सायकलिंगचे क्लीट (पेडलला अडकणारी खालची पट्टी) असलेले बूट घालून दगडी पायऱ्यांवर घसरायला होतं, शिवाय बूट बाहेरच काढायचे आहेत.

भुलेश्वर ते यवत. उतार. वळणांवर कडेची रेव डांबरावर आलेली असते. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत लावा.

यवत ते उरुळी. महामार्गाने जाऊ नका. डोंगराच्या पायथ्याच्या बाजूने खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा जातो आणि त्याच्या आसपास गावरस्ते आहेत. कालव्याच्या भरावावरचा रस्ता पाटबंधारे खात्याच्या पाहणीचा आहे. फाटक लावलेलं किंवा मनाईचा फलक असेल तर खालच्या गावरस्त्याने जा. कालव्याला आवर्तन चालू असेल (शेतीसाठी पाणी सोडलेलं असेल) तर पाझरामुळे भराव मऊ होतो, आणि बाहेरच्या कडेने चालवलं तर कड खचू शकते. पाण्याच्या बाजूला कठडा नसतो, काठ उभा आणि शेवाळलेला असतो. हातपाय धुवायलाही उतरू नका.

हे वर्तुळ एकदा नीट झालं की पुढे पिसर्वे, नायगाव, जेजुरीकडे वाढवता येतं. जेजुरीहून मोरगावला आणि तिथून सुप्याच्या गवताळ माळांकडे जाण्याचा मोह होईल. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं. तिथे ठरलेल्या प्रवेशद्वारातून, वनखात्याच्या नियमांनीच जायचं. मागच्या बाजूने गुरांच्या वाटेने घुसून जीपीएसवर रेघ उमटवणारे पुढच्या सायकलवाल्यांची वाट बंद करतात.

६. सोबत काय न्यायचं

दुरुस्तीचं:
- टायर प्लग (भोकात घालायची रबरी पट्टी) आणि तो घुसवायची सुई, पाच-सहा पट्ट्या
- एक जादा ट्यूब (टायर ट्यूबलेस असला तरी), दोन टायर लिव्हर
- हातपंप. गॅसचा कार्ट्रिज सोबत असला तरी पंप हवाच
- मल्टिटूल, चेन तोडायचं हत्यार, आपल्या स्पीडची क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची कडी (१०, ११, १२ स्पीडच्या वेगवेगळ्या)
- आपल्याच फ्रेमचा डिरेल्युअर हँगर. हा सगळ्यांचा वेगळा असतो, मित्राचा चालत नाही
- टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा
- भुवयांचा चिमटा, काट्यांसाठी
- चार-पाच झिप टाय

अंगावरचं आणि पोटाचं:
- हिवाळ्यात दीड लिटर पाणी, मार्चनंतर तीन. एका बाटलीत ओआरएस
- चिक्की, खजूर, केळी. मधल्या वाड्यांवर टपरी उघडी असेलच असं नाही
- हेल्मेट, गॉगल, पूर्ण बोटांचे हातमोजे
- पुढचा आणि मागचा दिवा, भर दिवसा सुद्धा
- दोन-तीनशे रुपये सुट्या नोटांत. रेंज गेली की यूपीआयही जातं

कागदपत्रं:
- ओळखपत्राची प्रत, मागे रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर
- फ्रेम नंबरचा आणि सायकलच्या बिलाचा फोटो फोनमध्ये
- मार्गाची जीपीएक्स फाइल आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवलेला
- घरच्यांकडे तोच मार्ग आणि परतीची वेळ

७. मुरमावर चालवणं

नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. हँडल घट्ट धरलंत की प्रत्येक खडा खांद्यापर्यंत पोहोचतो. पकड सैल, कोपर थोडे वाकलेले, आणि चाकाला खालून थोडं इकडे तिकडे नाचू द्या. सुट्या मुरमात वेग कमी झाला की चाक जास्त वळवळतं, म्हणून आत शिरण्याआधीच एक गिअर हलका करून लय कायम ठेवा. चढावर बसून, वजन किंचित पुढे. उतारावर वजन मागे, दोन्ही पेडल समान उंचीवर, आणि वळणात पुढचा ब्रेक हलकाच. नवखे पडतात ते बहुतेक वळणात घाबरून पुढचा ब्रेक दाबल्यामुळे.

डांबर आणि मुरूम यांच्यामधली कड तिरकी घेऊ नका. चाक तिला समांतर घासतं आणि सायकल आडवी होते. शक्य तितकं काटकोनात चढा.

८. वाटेत काय भेटेल

कुत्री. वाडीवरचं कुत्रं सायकलमागे धावतं ते चाकाच्या हालचालीमुळे. वेगाने पळून जाण्यापेक्षा थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि त्याच्याशी दरडावून बोला. बहुतेक वेळा घरातून हाक येते आणि प्रकरण मिटतं. धनगरांचा कळप दिसला तर राखणीची कुत्री असतात. लांबूनच थांबा, मेंढपाळाला आवाज द्या, तो सांगेल त्या बाजूने चालत जा. कळपातून सायकल घालू नका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सासवडला ग्रामीण रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी मदतीसाठी ११२.

ऊसवाहतूक. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अरुंद रस्त्याने येतात. चालकाला मागचं काही दिसत नाही आणि गाण्यामुळे ऐकूही येत नाही. समोरून आला तर खाली उतरून थांबा, पुढे असेल तर ओलांडायची घाई नको.

तारा आणि नळ्या. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताभोवती झटका मशीनची बारीक तार असते. पहाटेच्या अंधुक उजेडात ती दिसत नाही. वाटेवर आडवी तार दिसली तर हात लावू नका, शेतकऱ्याला हाक मारा. रस्त्यात आडव्या टाकलेल्या पाण्याच्या पाइपावरून सायकल उचलून न्या. तुमच्या चेनरिंगने पाइप फाटला तर त्याचं अख्खं दिवसाचं पाणी जातं.

बिबट्या. उसाच्या पट्ट्यात वावर आहे. उजाडल्यावर कच्च्या वाटेला लागा, अंधार पडायच्या आत डांबरावर या. एकट्याने जाऊ नका.

शेतातून वाट जात असेल आणि कुणी अडवलं तर वाद घालू नका. नकाशावर रस्ता दाखवलाय हा युक्तिवाद बांधावर चालत नाही, तिथे भावाभावांत त्याच रस्त्यावरून कज्जे चालू असतात. विचारून गेलात तर बहुतेक ठिकाणी वाटही मिळते आणि चहाही.

९. पंक्चर

ट्यूबलेसमध्ये काटा दिसला तर चिमट्याने उपटा, भोक लगेच खाली जमिनीकडे करा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंट तिथे जमतं. फुसफूस थांबली नाही तर प्लग घाला. थोडी हवा भरा आणि पुढे चला.

त्यानेही भागलं नाही तर ट्यूब टाकायची वेळ येते, आणि इथे एक खास सापळा आहे. ट्यूबलेस टायरमध्ये आधी शिरलेले आणि सीलंटने आपोआप बुजलेले जुने काटे आत तसेच असतात. तुम्हाला त्यांचा पत्ताही नसतो. ट्यूब घालून हवा भरली की त्यातला पहिलाच काटा ती फोडतो. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट नाही, रुमाल फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा आहे. प्रत्येक टोक चिमट्याने काढा किंवा मल्टिटूलने दाबून बाहेर ढकला. दहा मिनिटं जातात, पण एकच ट्यूब असताना दुसरी संधी मिळत नाही. रिमवरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह आधी काढायचा असतो हेही लक्षात ठेवा. त्याची नट हाताने सुटते का, हे घरीच एकदा तपासा. पक्कड लागेल एवढी आवळलेली असेल तर रस्त्यात अडाल.

सगळंच फसलं तर जवळच्या चौकात ‘छोटा हत्ती’ किंवा पिकअप मिळतो. भाडं आधी ठरवा, सायकल आडवी टाकताना डिरेल्युअरची बाजू वर ठेवा. रेल्वेने परतायचा बेत आयत्या वेळी करू नका. सायकल सामान म्हणून बुक करावी लागते आणि लहान स्थानकांवर ते होईलच असं नाही.

१०. घरी आल्यावर

दाबाच्या पाण्याचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलांचा आस फिरतो तिथे) मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. बादली, फडकं आणि जुना ब्रश पुरे. चेन पुसा, वाळवा, मग तेल घाला. धुळीच्या दिवसांत पातळ ड्राय ल्यूब वापरा, जाड तेलावर फुफाटा बसून त्याची खरवड तयार होते आणि चेन, कॅसेट दोन्ही झिजतात.

टायर उजेडात सावकाश फिरवून बाहेरचे सराटे काढा. खोल गेलेला काटा उपटल्यावर हवा सुटली तर ती घरीच सुटलेली बरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा. एक-दोन पीएसआयचा फरक चालतो. टायर निम्मा बसला असेल तर सीलंट भरा, आणि पुढच्या फेरीआधी चाक कानाजवळ धरून पुन्हा एकदा हलवा.